शेवटच्या खिळ्यावरची पाटी

ओकुगावा सेन्सेईंना गेली तीन वर्षं एकही माणूस पाडता येत नव्हता, आणि ही गोष्ट डोजोत फक्त एकाच माणसाला ठाऊक नव्हती. ओकुगावा सेन्सेईंना.

जपानमधल्या ओवासे गावात आयकिडो शिकवण्याचं त्यांचं हे एक्केचाळिसावं वर्ष. वय ब्याऐंशी. बंदरामागच्या गल्लीत जाळी विणायची एक जुनी शेड होती, तिच्यात चोवीस चटया घालून त्यांनी डोजो उभा केला होता. दमट दिवशी तिथे अजूनही माशांचा वास यायचा आणि नवखा माणूस गुपचूप आपलेच पाय हुंगून बघायचा. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात, रविवारी सकाळी नऊ. भिंतीवर खिळ्यांची एक रांग, प्रत्येक खिळ्यावर एकेकाच्या नावाची लाकडी पाटी. पहिल्या खिळ्यावर ओकुगावा, दुसऱ्यावर हात्सुए निशिओ, तिसऱ्यावर पोस्टातला तादोकोरो, असं करत सतरा. कोण आधी आणि कोण नंतर यावरून गावात भांडणं होतात. इथे होत नसत, कारण पाटी हलवायचा अधिकार एकट्या सेन्सेईंना होता.

हात्सुए एकसष्ट वर्षांची. शाळेच्या जेवणघरात मुख्य स्वयंपाकीण, एका वेळी चारशे मुलांचा भात. सत्ताविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा डोजोत आली आणि तेव्हापासून पडत होती. नवा डाव दाखवायचा असला की सेन्सेई कोणाचं नाव घेत नसत, नुसतं बघत. ते बघत ते हात्सुएकडे. ती उठायची, धावत जायची, त्यांचं मनगट धरायची, ते वळायचे आणि ती चटईवर. चौतीस वर्षांत एवढ्या वेळा पडलेली दुसरी बाई त्या किनाऱ्यावर नसेल, आणि तिला त्याचा अभिमान होता. आयकिडोत स्पर्धा नसते. एकजण धरतो, दुसरा पाडतो, मग उलट. कुस्तीत निदान कोण हरलं ते कळतं. इथे हारजीत नाही, त्यामुळे खोटं बोलायला जागा ऐसपैस.

तीन वर्षांपूर्वी सेन्सेईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या पहिल्या तालमीला त्यांनी हात्सुएकडे बघितलं, तिने मनगट धरलं, ते वळले, आणि काहीच आलं नाही. नळ सोडावा आणि पाणी येऊ नये, तसं. हात्सुए अर्धा श्वास उभी राहिली. मग ती आपणहून पडली.

त्या दिवशी चटया झाडताना तिने बाकीच्यांना सांगून टाकलं. "सेन्सेईंचा हात इथपर्यंत आला की पडायचं. आढेवेढे नकोत."

"पण ताई, नाही पाडलं त्यांनी तर?" तादोकोरोने विचारलं.

"म्हणूनच सांगतेय ना!"

याला कारण होतं. एका वर्षअखेरच्या जेवणात सेन्सेई म्हणाले होते, "ज्या दिवशी मला माणूस पाडता येणार नाही, त्या दिवशी या दाराला कुलूप." दोन पेले साके पोटात गेल्यावर माणूस वाटेल ते बोलतो, पण या माणसाने चाळीस वर्षांची सिगारेट एका दुपारी सोडली होती. हात्सुएच्या घरी नवरा होता. सज्जन माणूस. दिवसातून दोन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक बेसबॉलबद्दल असायचं. डोजो बंद झाला तर आपलं काय, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं आणि ते तिला सोसणारं नव्हतं.

आणखी एक होतं. त्याच वर्षी तिचा डावा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं आणि पडणं बंद करा म्हणून सांगितलं. हे ती कोणापाशीच बोलली नाही. दुसऱ्याने पाडण्यापेक्षा आपल्या मनाने पडणं गुडघ्याला बरं, बाजू निवडता येते. तेवढाच फायदा.

तर मंडळी पडू लागली. माणसाला सरावाने काय जमत नाही? वर्षभरात ती इतकी सुरेख पडू लागली की सेन्सेईंचा हात लागायच्या आतच चटई वाजायची. सेन्सेई विचारात पडले. एकदा म्हणाले, "हात्सुए, इतक्या वर्षांनी माझं जोर लावणं सुटलं बघ."

"हो, सेन्सेई," हात्सुए म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तीन वर्षं झाकलेली राहिली. मग नोव्हेंबरात शिओझाकी आला.

शिओझाकी सदुसष्ट वर्षांचा, बोनितो माशाच्या बोटीवर चाळीस वर्षं काढून नुकताच घरी बसलेला. घरी बसलेला म्हणजे दिवसभर बायकोच्या पायात पायात. तिने त्याला स्वतः डोजोच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि तो आत जाईपर्यंत हलली नाही. माणूस आडव्या बांध्याचा, पाय फाकवून उभा राहणारा, अंगावरच्या कोऱ्या पोशाखाला अजून पाकिटाच्या घड्या. सेन्सेईंनी त्याला बोलावलं आणि मनगट पुढे केलं. "धरा."

शिओझाकीने धरलं. सेन्सेई वळले. शिओझाकी जागेवरच. सेन्सेई कुठे गेले हे बघायला त्याने फक्त मान वळवली, तीही कुतूहलाने. सेन्सेई परत या बाजूने वळले. शिओझाकीची मानही परत आली. सोळा माणसांनी श्वास रोखून धरला.

"पकड चांगली आहे," सेन्सेई म्हणाले आणि हात्सुएकडे बघितलं. ती अशी पडली की खिडकीची काच थरथरली.

तालीम संपल्यावर तिने शिओझाकीला चपलांच्या कपाटापाशी गाठलं.

"शिओझाकी, तुम्ही पडला नाहीत."

"पडायचं होतं का?"

"सेन्सेईंनी डाव टाकला की पडायचं असतं."

"टाकला होता?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं.

हात्सुएने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "हे बघा, ते म्हातारे आहेत. खांदा गेलाय. त्यांना कळलं तर ते डोजो बंद करतील. म्हणून आम्ही पडतो."

"सगळे?"

"सगळे."

शिओझाकीने बराच वेळ बुटाची नाडी बांधली. "अहो बाई, मी चाळीस वर्षं बोटीवर होतो. डेकवर पाणी, तेल, माशाचं रक्त. पडला तो गेला. माझ्या पायांना आयुष्यात ही एकच गोष्ट शिकवलीय, आणि तुम्ही म्हणता ती विसर."

"विसरायला कोण सांगतंय? आठवड्यातून तीनदा पडा, बाकी उभे राहा."

"आणि त्यांनीच पाडावं की मला! मी कुठे नाही म्हणतोय?"

पण माणूस मऊ मनाचा निघाला. म्हातारे आहेत तर पडतो, असं त्यानेच कबूल केलं, जसा काही स्वतः पंचविशीतला होता. दर रविवारी आठ वाजता हात्सुए आणि तादोकोरो त्याला पडायला शिकवू लागले. मन तयार होतं, पाय ऐकेनात. तो आधी गुडघे वाकवायचा, मग एक हात टेकायचा, मग बूड, मग कुशीवर व्हायचा, आणि शेवटी मान उचलून विचारायचा, "जमलं?" म्हैस बसायला याहून कमी वेळ घेते.

"ताई, हे पडणं नाही, हे झोपणं झालं," तादोकोरो म्हणाला.

"तू गप. तू पहिल्या वर्षी रडत होतास."

आता सेन्सेईंनी मनात काय घेतलं कोण जाणे, पण प्रत्येक तालमीला ते शिओझाकीकडे बघू लागले. तो मनगट धरायचा, ते वळायचे, तो उभा. मग ते दुसऱ्याला बोलवायचे. दुसरा धाडकन पडायचा. सेन्सेई पडलेल्याकडे बघत, मग उभ्याकडे बघत. डिसेंबरच्या शेवटी, सगळे मिळून डोजो धूत असताना, हातातलं फडकं पिळत ते म्हणाले, "नव्या वर्षाच्या पहिल्या तालमीला मी शिओझाकीलाच घेणार."

या तालमीला पाहुणे येतात. यंदा शेजारच्या गावचे हियामा सेन्सेई बारा शिष्य घेऊन येणार होते. दुसऱ्या दिवशी हात्सुएने मुलांच्या सुपात दोनदा मीठ घातलं. चारशे मुलांनी पाणी मागितलं.

जानेवारीचा दुसरा रविवार कोरडा, थंडगार उजाडला. हात्सुएने पहाटेपासून लाल घेवड्याचं गोड सूप ढवळलं, मोची म्हणजे भाताचे चिकट गोळे भाजून ठेवले, चाळीस वाट्या मांडल्या. पाहुणे येऊन गुडघ्यावर बसले. शिओझाकीची बायकोही कोपऱ्यात येऊन बसली होती, नवऱ्याने दोन महिने काय केलं ते बघायला. हात्सुएने शिओझाकीला पडद्याआड ओढलं.

"सोपं करून सांगते. सेन्सेईंचा हात वर, तुम्ही खाली. दुसरा विचार करायचा नाही."

"हात वर, मी खाली."

"पुन्हा म्हणा."

"हात वर, मी खाली." तो ते पुटपुटतच जागेवर जाऊन बसला.

नमस्कार झाले. सेन्सेईंनी शिओझाकीकडे बघितलं. तो उठला, समोर जाऊन वाकला, चार पावलांवर उभा राहिला. सेन्सेईंचा चष्मा घसरला होता, तो सारखा करायला त्यांनी हात वर नेला.

शिओझाकी पडला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच असा पडला, की गुडघे नाहीत, हात नाही, अख्खा माणूस एकदम. शेड हादरली. सेन्सेई चष्म्याला हात लावून तसेच उभे.

कोणी हसलं नाही. हियामांचा एक शिष्य खोकला. स्वतः हियामा सेन्सेई मात्र पुढे झुकले, कारण चार पावलांवरून, न शिवता माणूस पाडलेला त्यांनीही आजवर पाहिला नव्हता.

"शिओझाकी," ओकुगावा सेन्सेई म्हणाले.

"हो."

"अजून नाही."

"बरं," म्हणून शिओझाकी उठला.

त्याने मनगट धरलं. सेन्सेई वळले. शिओझाकीचे कान लालबुंद झाले होते आणि त्या शरमेत तो पडायचंच विसरला. सेन्सेई पुन्हा वळले. तो खांबासारखा उभा. मग त्याने हळूच विचारलं, निदान त्याला वाटलं की हळूच, पण जन्मभर इंजिनाच्या वर आवाज काढलेला माणूस तो, "पडू का?" शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. कोपऱ्यात त्याच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

सेन्सेईंनी त्याला वाकून नमस्कार केला आणि जागेवर पाठवलं. मग त्यांनी हात्सुएकडे बघितलं.

ती उठली. धावत गेली, नेहमीसारखी. मनगट धरलं. एवढ्या जवळून त्यांचा आवाज फक्त तिलाच ऐकू येत होता.

"शिओझाकीसारखं धर. पडू नकोस."

आत्ता पडलं की सगळं निभावलं असतं. पाहुणे सूप पिऊन घरी गेले असते, मंगळवारी तालीम झाली असती, त्यापुढच्या मंगळवारीही. चौतीस वर्षं तिने या माणसाचं ऐकलं होतं, आणि या घडीला तिला त्याचं ऐकायचं नव्हतं. पण मघाशी चटईवर आडवा झालेला शिओझाकी तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. तिला हसू आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ही मी आहे. आठवड्यातून तीनदा, तीन वर्षं, मी हेच करतेय, फक्त माझं दिसायला बरं दिसतं. आणि समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागत होता.

तिने घट्ट धरलं. सेन्सेई वळले. ती उभी राहिली. ते पुन्हा वळले, या वेळी कंबर, पाय, होतं नव्हतं ते सगळं घालून. त्यांचा खांदा थरथरला, ती थरथर तिच्या तळव्यात आली. ती उभीच राहिली. तिसऱ्यांदा ते अर्ध्यावर थांबले. त्यांच्यासमोर ती इतका वेळ उभी कधी राहिलीच नव्हती. म्हणून तिला आज दिसलं की ते तिच्यापेक्षा बुटके झालेत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेशनपासून."

"सगळे?"

"मीच सांगितलं त्यांना. माफ करा."

"मला वाटत होतं, मी हलक्या हाताने करतोय. तुझ्या गुडघ्यासाठी."

"माझा गुडघा?"

"डावा. चपला घालताना तू कपाटाला धरतेस. तुला जोर लावायचा नाही असं ठरवलं. मग तुला नाही तर बाकीच्यांना तरी कशाला? आणि सगळे पडतच होते. मला वाटलं, जोराशिवायच जमायला लागलं."

म्हणजे हिशेब असा, की तीन वर्षं त्या शेडमध्ये कोणी कोणाला पाडलंच नव्हतं. ते तिचा गुडघा जपत होते, ती त्यांचा खांदा जपत होती, आणि या जपण्यात दोघांनी मिळून आयकिडो मात्र घालवला होता. हात्सुएला रडावंसं वाटलं आणि त्यांच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटला. दोन्ही करता येत नव्हतं. मनगट तिच्या हातात होतं आणि तीस माणसं बघत होती. एकमेकांना धरून, न हलता उभी राहिलेली ही दोन माणसं बघून हियामा सेन्सेईंचे डोळे पाणावले. अशी निश्चलता आपण जन्मात एकदाच पाहिली होती, असं पुढे ते आपल्या शिष्यांना कितीतरी महिने सांगत होते.

ओकुगावा सेन्सेईंनी हात सोडवला, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळवे चटईला टेकवून तिला नमस्कार केला. "संपलं," ते म्हणाले.

सूप वाढलं गेलं. सेन्सेईंनी दोन वाट्या घेतल्या, साखर थोडी कमी पडलीय म्हणाले आणि घरी गेले. हात्सुएने आपली वाटी तशीच बाजूला ठेवली आणि बाकीच्या धुवायला घेतल्या.

मंगळवारी ती सहालाच निघाली. डोजोची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची, ती परत द्यायला तिने कागदात गुंडाळून घेतली होती. वाटेत शिओझाकी भेटला. तोही लवकर निघालेला.

"माझ्यामुळे झालं ना, बाई?"

"नाही. तुम्ही एकटेच खरं वागलात."

"बायको बोलत नाहीये माझ्याशी."

दाराला कुलूप नव्हतं. आत दिवा होता. सेन्सेई स्टुलावर उभे राहून भिंतीशी काहीतरी करत होते. काळा घोळदार हाकामा अंगावर नव्हता. नुसता पांढरा पोशाख, आणि कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा, कोरा, पाकिटाच्या घड्यांचा.

हात्सुएने पाट्यांकडे बघितलं. पहिल्या खिळ्यावर हात्सुए निशिओ. दुसऱ्यावर तादोकोरो. सगळी रांग एकेक घर पुढे सरकली होती. तिने शेवटपर्यंत नजर नेली. शिओझाकीच्या पाटीनंतर, अगदी शेवटच्या खिळ्यावर, ओकुगावा.

"सेन्सेई, कुलूप..." ती म्हणाली.

"लावणार होतो. काल सकाळी घेऊनही आलो होतो." ते स्टुलावरून सावकाश उतरले. "मग म्हटलं, मला पाडता येत नाही म्हणून शिओझाकीने घरी का बसावं? त्याची बायको मला जिता सोडेल का?"

"नाही सोडणार," शिओझाकी म्हणाला.

"आणि आता सेन्सेई तू. मला ओकुगावा म्हण."

"ते मला मरेपर्यंत जमणार नाही."

"मग निदान शिकव."

सात वाजता रांग बसली. सेन्सेई रांगेच्या टोकाला, शिओझाकीच्याही पलीकडे. समोर, जिथे एक्केचाळीस वर्षं ते बसले होते, तिथे हात्सुए. नमस्कार झाला. आता कोणाकडे तरी बघायचं होतं. तिने रांगेवरून नजर फिरवली आणि ती टोकाला जाऊन थांबली.

ओकुगावा उठले. धावत आले, ब्याऐंशीव्या वर्षी धावता येतं तितकं. तिचं मनगट धरलं. ती वळली. ते पडले नाहीत. ती कुठे गेली हे बघायला त्यांनी कुतूहलाने मान वळवली.

"सेन्सेई," ती दातओठ खात कुजबुजली, "तुमचा खांदा."

"खांदा माझा आहे. तू पाड."

ती पुन्हा वळली. ते उभे. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, उभे. मुद्दाम अडवत नव्हते, नुसते पडत नव्हते. सोळा माणसं बघत होती आणि हात्सुएला राग आला. खरा राग, आधी त्यांचा, मग स्वतःचा, मग त्या तीन गोड वर्षांचा. पाचव्या वेळी तिने गुडघ्याचा विचार सोडला. डावा पाय रोवला, कळ थेट कमरेपर्यंत गेली, ती त्या कळेसकट वळली आणि तिच्या हातातलं ओझं अचानक हलकं झालं. चटई वाजली. ओकुगावा पाठीवर पडून छताकडे बघत होते.

हात्सुएने त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. तिने शिओझाकीकडे बघितलं.

"पडले," शिओझाकी म्हणाला. "मी पायांकडेच बघत होतो. त्यांना पडायचं नव्हतं."

तेव्हा कुठे तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते सगळ्यांदेखत बाहीने पुसले.

ओकुगावा कुशीवर वळले, हात टेकून उठले, खांदा चोळला. "गुडघा?"

"दुखला."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा तिचं मनगट धरायला आले.